बेघरांची रंगभूमी : अनुभव आणि अधिकार

बेघरांच्या वस्तीत निर्माण होणाऱ्या कलेचे मूल्यमापन बहुधा अनुभवाच्या प्रामाणिकतेवर केले जाते. हा निकष आवश्यक असला तरी पुरेसा नाही.

लॉस एंजेलिसमधील स्किड रो या भागात अनेक बेघर पदपथावर तंबू ठोकून राहतात. तेथे जॉन माल्पीड यांनी १९८५ मध्ये 'लॉस एंजेलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट' ही नाट्यसंस्था स्थापन केली. तिची इंग्रजी आद्याक्षरे शहराच्या पोलीस खात्याचीच आहेत; त्यातील उपरोध उघड आहे. संस्थेच्या 'एजंट्स अँड अ‍ॅसेट्स' (२००१) या प्रयोगाची संहिता म्हणजे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीपुढील १९९८ च्या सुनावणीची शब्दशः नोंद होय. सुनावणीचा विषय होता सी.आय.ए. व क्रॅक कोकेनचा व्यापार यांचे कथित संबंध. या व्यसनाची झळ सोसलेल्या वस्तीतील नट येथे स्वतःची व्यथा सांगत नाहीत. ते सत्ताधाऱ्यांची भाषा उच्चारतात. परिणामी प्रेक्षकाची दृष्टी नटाच्या दैन्यावरून त्या भाषेतील पळवाटांकडे वळते.

दलित साहित्याच्या चर्चेने मराठी समीक्षेत स्वानुभवाला अधिष्ठान मिळवून दिले. तथापि वंचिताने केवळ आत्मकथनच करावे, ही अपेक्षा त्याला कायमचा साक्षीदार ठरविते. इतरांच्या भाषेची उलटतपासणी करण्याचा त्याचा अधिकारही समीक्षेने मान्य केला पाहिजे.