शस्त्रक्रियेनंतरचे घर : सहचराचे कार्य व त्याच्या मर्यादा

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेत शरीरातील चरबी कापून काढली जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकतात, किंवा जठराची लहानशी पिशवी वेगळी करून तिला लहान आतडे परस्पर जोडतात. ही दुसरी पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन व त्यांचे सहकारी चिकाशी इटो यांनी १९६७ साली प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या. बहुसंख्य रुग्णांना या शस्त्रक्रियांचा लाभच होतो. परंतु ज्या थोड्यांच्या बाबतीत गुंतागुंत उद्भवते, त्यांच्या घरी तिची पहिली चाहूल शल्यविशारदाला नव्हे, तर पतीला किंवा पत्नीला लागते. या सहचराने काय ओळखावे आणि कोणता भार आपल्या माथी घेऊ नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले काही दिवस

आरंभीचा मोठा धोका म्हणजे नव्याने शिवलेल्या जोडातून स्राव पोटात झिरपणे. नाडी जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी, धाप लागणे, क्वचित डाव्या खांद्यात कळ येणे ही त्याची लक्षणे होत. स्थूल माणसाचे पोट हाताने चाचपून फारसे कळत नाही. म्हणून जलद नाडीला येथे विशेष महत्त्व आहे. दुसरा धोका पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा. एकच पोटरी सुजली किंवा अकस्मात धाप लागली, तर ‘सकाळी पाहू’ असे म्हणून रात्र काढू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वांतीचा अर्थ

रुग्ण घरी येतो. चार घास अधिक झाले किंवा घाईने गिळले की उलटी होते. हळूहळू घरातील माणसांना तिची सवय होते, आणि येथेच खरा घात होण्याचा संभव असतो. जोडाची जागा आकसली तर अन्न खाली उतरत नाही व वांत्या थांबत नाहीत. ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामीनचा, शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की मेंदूला इजा होऊ लागते. जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांपैकी एक शिवणकाम करणारी तरुणी होती. तिने गंधकाम्ल प्राशन केले होते आणि जठराचे द्वार आकसल्यामुळे तिला सतत वांत्या होत. विकाराचे कारण पुढे कळले. परंतु आकसलेले जठर, न थांबणारी वांती आणि मेंदूचा विकार ही साखळी त्या वर्णनातही दिसते.

एक वस्तू दोन दिसणे, डोळे भिरभिरणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे या खुणा दिसल्यास तो अशक्तपणा समजू नये. वांत्या अनेक दिवस चालू असतील, तर या खुणांची वाटही पाहू नये. रुग्णालयात गेल्यावर शस्त्रक्रिया कोणती व केव्हा झाली आणि वांत्या किती दिवस होत आहेत, हे सहचराने प्रथम सांगावे. कारण थायामीन न देता केवळ साखरेचे सलाइन शिरेवाटे दिल्यास विकार बळावू शकतो. उपचार वेळीच झाला तर रुग्ण सुधारतो. उशीर झाल्यास स्मृती कायमची अधू होऊ शकते.

पुढील वर्षे

लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची उणीव सावकाश उद्भवते. म्हणून औषधे व रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. तंबाखू आणि काही वेदनाशामक गोळ्या यांमुळे जोडाजवळ व्रण होतो. वळसा देण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही आतडे आत अडकून पोटात तीव्र कळा येऊ शकतात.

आपल्याकडे आग्रह करून वाढणे हे प्रेमाचे लक्षण मानतात. अशा पंगतीत रुग्णाने ताट अर्धवट ठेवले की नातलगांचा रोष ओढवतो. तेथे शांतपणे मध्ये पडून आग्रह थांबवणे, हे काम सहचरच उत्तम करू शकतो.

दोघांचे नाते

शरीर बदलते तसे नातेही बदलते. स्वीडनमधील पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या विवाहितांत विभक्त होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा अधिक आढळले. त्याचप्रमाणे एकट्या व्यक्तींत नवे संबंध जुळण्याचे प्रमाणही अधिक आढळले. गुंतागुंत झाली असेल तर ताण आणखी वाढतो. ‘मीच शस्त्रक्रियेला संमती दिली’ ही टोचणी सहचराला लागते, तर ‘माझ्यामुळे घर दमले’ ही रुग्णाला. दोघेही ती मनात ठेवतात आणि बोलणे औषधांच्या वेळांपुरते उरते. उदासपणा वाढत असेल किंवा मद्यपान सुरू झाले असेल, तर तेही वैद्यांना सांगण्याजोगे लक्षणच आहे. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात फार लवकर चढते.

सहचराने वांत्या, ताप, आहार व वजन यांची रोज नोंद ठेवावी. परंतु प्रत्येक घासावर पहारा ठेवू नये. पहारेकरी झालेल्या जोडीदारापासून रुग्ण लक्षणे लपवू लागतो, आणि लपवलेले लक्षण हाच मोठा धोका होय. आठवड्यातून काही तास शुश्रूषा दुसऱ्या कोणा आप्ताकडे सोपवून स्वतः झोप घेणे, यात स्वार्थ नाही. थकलेल्या डोळ्यांना तोल जाणारे पाऊल दिसत नाही. धोक्याची खूण वेळीच ओळखून रुग्णाला वैद्यांपर्यंत पोहोचवणे हे सहचराचे काम आहे. रोग बरा करणे हे नव्हे. हा भेद ज्या घरात उमगतो, तेथे पतिपत्नींना एकमेकांशी पुन्हा पतिपत्नी म्हणून बोलण्यास अवकाश मिळतो.