परसातील बी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा बियांविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे विज्ञान शिकणारी मंडळी विचारतील. अधिकार एवढाच, की घरामागच्या चार हात परसात आणि गच्चीवरच्या डब्यांत गेली काही वर्षे मी भाजी व फुले बियांपासून वाढवीत आले आहे. पेरणी सारेच करतात; पुढील वर्षासाठी बी राखण्याची चाल मात्र घरोघरी मोडत चालली आहे. मला लिहावयाचे आहे ते तिच्याविषयी.

पेरणीचे नियम थोडके आहेत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरावे, अधिक नको. वांगी, मिरची, टोमॅटो यांची आधी रोपे करावीत व चार-सहा आठवड्यांनी ती हलवावीत. भेंडी, गवार, मुळा यांना जागा बदललेली मानवत नाही, म्हणून त्यांचे बी जागीच टोकावे. कारल्याचे बी टणक, ते रात्रभर भिजवावे. धणे पेरण्यापूर्वी हलकेच रगडतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. असो.

बाजारातील अनेक पुड्यांवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे छापलेले असते. पीक जोमदार येते, यात शंका नाही. परंतु त्याच पिकाचे बी धरून पुढल्या वर्षी पेरले, तर एकसारखी झाडे उगवत नाहीत. याचे मूळ ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांत सापडते. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि पुढे सुमारे पस्तीस वर्षे जवळजवळ कोणीच त्याकडे लक्ष दिले नाही. १९०० साली ज्यांनी तो पुन्हा उजेडात आणला, त्यांपैकी कार्ल कोरेन्स याने आपल्या ओळखीच्या गुलबक्षीवर काम केले. लाल व पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पहिल्या पिढीत सारी फुले गुलाबी येतात. त्या गुलाबी झाडांच्या बियांतून मात्र लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही बाहेर पडतात. संकरित टोमॅटोचे बी धरणाऱ्याची फजिती होते ती याचमुळे. दरवर्षी पुडी घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

देशी, सरळ वाणाचे तसे नाही. टोमॅटो, वाटाणा, पावटा यांच्या फुलांत बहुधा स्वपरागण होते, त्यामुळे नवख्याने त्यांचेच बी प्रथम धरावे. काकडी आणि दुधी यांची नर-मादी फुले वेगळी. मधमाशी कोणाच्या वेलावरून येईल याचा नेम नाही. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबू द्यावा, मग धुऊन बी वाळवावे. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण त्याने सुटते. फुलांत तेरडा सर्वांत खट्याळ. पिकलेल्या बोंडाला बोट लावताच बी उडून जाते, म्हणून ते किंचित पिवळसर होताच फडक्यात धरावे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्यांनी त्याचे बी कधी जमविले नसावे. ते परसात एकदा सांडले की वर्षानुवर्षे आपले आपण उगवते.

आता पावट्याविषयी. माझ्या मावशीकडे जांभळट कडेच्या शेंगांचा एक पावटा होता. शेत विकले गेले, मावशीही थकली. फडताळातील बाटलीत अडतीस दाणे उरले होते, ते तिने मला दिले. ते किती वर्षांचे, हे तिलाही सांगता येईना. मी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. आठवड्यात चारांना मोड आले. ते चारही लावले. दोन वेल जगले. पाऊस सरून दिवस लहान होऊ लागले, तेव्हा कुठे त्यांना फुले आली. आई म्हणाली, “भोगीच्या भाजीला मूठभर तरी दे गं.” मी एकही शेंग तोडू दिली नाही. वेलावर वाळवून सोलल्यावर एकशे बारा दाणे निघाले. हा पावटा बाजारात कधी माझ्या पाहण्यात आलेला नाही. ती बाटली आणखी काही वर्षे तशीच राहिली असती, तर तो संपलाच असता.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच देशी वाण जमवून घरी बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या शाळेत गेलेल्या नाहीत याचेच पुष्कळांना नवल वाटले. मला नवल वाटते ते त्यांच्या चिकाटीचे, कारण बी जिवंत ठेवायचे तर ते ठरावीक काळाने पेरलेच पाहिजे. आपल्या २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे.

साठवणीत मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. बी सावलीत खडखडीत वाळवून, कोरड्या राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते. टोमॅटोचे तीन-चार वर्षे टिकते. बाटलीवर वाणाचे नाव, वर्ष आणि बी कोणाकडून आले, हे लिहावे. माझ्या पावट्याच्या आता तीन बाटल्या आहेत. एक आमच्या घरी, एक मावशीकडे, आणि एक शेजारच्या काकूंकडे. त्यांनी यंदा कुंपणाला चार दाणे लावले आहेत.