ठोका चुकला कुणाचा – पट्ट्याचा की छातीचा?



आपल्या वस्त्यांत पहाटे पाचला दार वाजले की समजावे, भरतीची मुले धावायला निघाली. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर ठरतात. सातारची मुले यवतेश्वरच्या घाटात चढ मारतात, सांगलीची कृष्णाकाठच्या रस्त्याने धावतात. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. तेव्हापासून मुलींना पळायला पाठवताना आईबापांचा हातही थोडा सैल झाला आहे.

या मुलांच्या हाती आता एक नवे यंत्र आले आहे. छातीला बांधायचा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा. एकट्याला परवडत नाही म्हणून आठ-दहा जण वर्गणी काढून एकच घेतात आणि आळीपाळीने बांधतात. पट्टा चांगला आहे, पण तो मधूनमधून भलतेच आकडे दाखवतो. त्यातून काय होते, ते आधी सांगते.

गेल्या थंडीत एक आई रात्री माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, पोरीचं काळीज कमजोर आहे म्हणतात. पळणं बंद करायला सांगितलंय. आता तिच्या लग्नाचंच बघावं का?" मुलगी एकोणीस वर्षांची. नुसते अंग मोकळे करताना पट्ट्याने २१८ आकडा दाखवला आणि सराव घेणाऱ्या मुलाने तिला घरी बसवले. मी तिचे मनगट धरले, पूर्ण एक मिनिट मोजले. ठोके ७६, अगदी सरळ. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन पाहिले तर पट्टा तिच्या आधी एका धिप्पाड मुलाने वापरलेला, त्याच्याच मापाचा. हिच्या अंगावर तो सैल लोंबत होता आणि कोरडा ठणठणीत होता. ओला करून, माप कमी करून बांधला. मुलगी धावली आणि आकडे वळणावर आले. एका सैल पट्ट्याने तिची नोकरी आणि तिचे शिक्षण दोन्ही पणाला लावले होते.

पट्टा ठोके कसे ओळखतो?

हृदय आकुंचन पावण्याआधी त्यात विजेची बारीक लहर उठते. छातीच्या कातडीवर ती साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलच्या दीड हजाराव्या भागाइतकी पोहोचते. दवाखान्यात ईसीजी काढतात तो हीच लहर टिपून. तेव्हा आम्ही नर्सेस छातीला जेली लावतो ती उगाच नाही. कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत रबरी पट्ट्या असतात, त्यांनाही असाच ओलावा लागतो. घाम सुटल्यावर तो आपोआप मिळतो. म्हणूनच पहिली पाच-दहा मिनिटे आकडे वेडेवाकडे आणि नंतर ठीक, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते.

आकडे बिघडले तर या क्रमाने पाहा

१. रबरी पट्ट्या पाण्याने चांगल्या ओल्या करा. कातडीवरही पाण्याचा हात फिरवा. छातीला तेल किंवा क्रीम लावलेले असेल तर आधी साबणाने धुवा. छातीवर केस असतील तर पाणी जरा जास्त लावा.

२. पट्टा छातीच्या खाली, बरगड्यांना वळसा घालून बसला पाहिजे आणि यंत्राचा डबा बरोबर मधोमध आला पाहिजे. पट्टा पिळलेला नसावा. खोल श्वास घेता यावा, पण उडी मारल्यावर घसरू नये, इतका घट्ट हवा. मुलींनी आतल्या कपड्याचे इलॅस्टिक पट्ट्यावर चढून तो खाली ढकलत नाही ना, हे पाहावे. माणूस बदलला की माप बदलायचे, हा एकत्र वापराचा पहिला नियम.

३. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरची ढगळ जर्सी वाऱ्याने फडफडते आणि अंगावर घासून वीज तयार होते. अंधारात स्वेटर काढताना चटचट होते, तीच ही वीज. पट्टा तिलाही ठोके समजतो आणि आकडा २०० च्या पार जातो. अंगाबरोबर बसणारा किंवा सुती बनियन घालून पाहा.

४. आकडा मध्येच गायब होत असेल तर सेल संपत आला असेल. बहुतेक पट्ट्यांत सीआर २०३२ हा बटणासारखा गोल सेल असतो. बदलताना अधिकची खूण पाहून बसवा आणि झाकणाची रबरी चकती जागेवर ठेवा, नाहीतर घाम आत शिरतो. धावून झाल्यावर डबा पट्ट्यापासून सोडवून ठेवा. ओल्या पट्ट्याला तो लटकत राहिला तर त्याला वाटते की तो अजून छातीवरच आहे आणि सेल उगाच जळतो.

५. एकच पट्टा आणि दहा मोबाईल असले की ब्लूटूथचा घोळ होतो. अनेक पट्टे एका वेळी एकाच मोबाईलशी जोडले जातात. आधीच्या मुलाचे ॲप चालू राहिले तर तुमच्या मोबाईलला पट्टा सापडतच नाही आणि आपण म्हणतो पट्टा मेला. आधी त्याचे ॲप बंद करायला लावा. मोबाईल मागच्या खिशात ठेवू नका, शरीर मध्ये आले की लहरी अडतात.

६. घामाचे मीठ साचले की रबर कडक होते आणि कातडीला खाजही सुटते. डबा काढून पट्टा प्रत्येकाच्या वापरानंतर पाण्याखाली धुवा, आठवड्याला सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. कुणाला नायटा किंवा गजकर्ण असेल तर त्याने पट्टा वापरू नये, तो सगळ्यांना वाटला जाईल. हे सगळे करूनही आकडे सुधारले नाहीत तर पट्ट्याच्या आतली तार तुटलेली असेल. तेव्हा पूर्ण यंत्र घेण्याची गरज नाही. पुष्कळ कंपन्यांचा नुसता पट्टा वेगळा मिळतो.

दोन बोटांची परीक्षा

कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्रालाही तेच लागू आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे हलकी ठेवा. मोजताना स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. बसलेले असताना पूर्ण ६० सेकंद मोजा आणि त्याच वेळी दुसऱ्याला पट्ट्याचा आकडा वाचायला सांगा. दोन-चार ठोक्यांचा फरक चालतो. धावून थांबल्यावर लगेच १० सेकंद मोजून सहाने गुणा, कारण थांबले की ठोके झपाट्याने उतरतात.

२२० मधून वय वजा केले की जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज येतो. वीस वर्षांच्या मुलासाठी २००. पण तो सरासरीचा अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे असतात. शेवटच्या फेरीत जीव तोडून पळताना १९५ दिसले म्हणून घाबरू नका. उभ्या उभ्या १९५ दिसले तर मात्र लगेच बोटे लावा.

पट्टा खरे बोलत असेल तर?

आता दुसरी बाजू. आमच्याकडच्या एका मुलाने पट्टा बांधला की आकडे उड्या मारायचे. सेल बदलला, पट्टा धुतला. बाकीच्यांना तोच पट्टा ठीक चालायचा. "याच्या अंगातच वीज आहे," म्हणून मुले हसायची. मी मनगट धरले तर नाडीच तुटक होती, दोन ठोके जवळ आणि मग मोठी खीळ. त्याला सिव्हिलला पाठवले, ईसीजीतही तेच दिसले. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या होईपर्यंत धावणे थांबवले. त्या दिवशी पट्टा कचऱ्यात टाकला असता तर मुलाचा आजार तसाच राहिला असता.

तरुणांची नाडी श्वास घेताना थोडी जलद आणि सोडताना थोडी मंद होते, ते नैसर्गिक आहे. पण श्वासाशी संबंध नसताना नाडी अडखळत असेल, शांत बसूनही १०० च्या वर राहत असेल, धावताना छातीत दुखत असेल, चक्कर किंवा भोवळ येत असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर धावणे थांबवा आणि सातारा किंवा सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन केस पेपर काढा. ईसीजी पाच-दहा मिनिटांत होतो. मैदानावर कुणी कोसळले आणि हाक मारूनही उठत नसेल तर १०८ ला फोन लावा. श्वास बंद असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा.

मुलींबाबत आणखी एक. बोटांनी मोजूनही ठोके जास्त येत असतील आणि थोड्याशा धावण्याने दम लागत असेल, तर आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो पांडुरोग आहे. कमी रक्तात तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. अशा मुलीला आळशी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढा. भरतीच्या प्रत्येक मुला-मुलीने शेजारच्याची नाडी एक मिनिट मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. ज्या मुलीबद्दल वर लिहिले, ती हल्ली पट्टा बांधण्याआधी आपल्या गटातल्या सगळ्यांची मनगटे धरते. तिचा आकडा आणि पट्ट्याचा आकडा जुळला नाही तर त्या दिवशी पट्ट्याला सुट्टी असते.