घरचं बी, विकतचं बी

पाचोरा तालुक्यात काळी जमीन आहे. कपाशी हे इथलं जुनं पीक. आमच्या लहानपणी कपाशीचं बी महाग नव्हतं. कापूस वटला की सरकी निघे. ती शेणमातीत घोळायची आणि पेरायची. मूग, तूर, दादर यांचं बी घरातल्या बाया मडक्यात राख घालून ठेवीत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बियाची पारख होती.

मग शेती बदलली. १९७० साली सुरत येथील शास्त्रज्ञ सी. टी. पटेल यांनी संकरित कपाशी काढली. दोन निराळ्या वाणांचा संकर करून हे बी तयार होतं. त्याने पीक वाढलं. पण त्याच पिकाची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. म्हणून दरसाल बी विकत घेणं आलं. २००२ साली बीटी कपाशी आली. पहिली काही वर्षं बोंडअळी हटली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाला दाद देईना. २०१७ साली महाराष्ट्रात कपाशीचं फार नुकसान झालं.

मग मागे फिरायचं का? आम्ही तसं म्हणत नाही. पण विकतचं बी वाचून घ्यावं. पिशवीवर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि मुदतीची तारीख छापलेली असते. दुकानदाराकडून पक्की पावती घ्या. पावती आणि रिकामी पिशवी पीक निघेपर्यंत जपा. बी उगवलं नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. हाती कागद नसेल तर तुमचं म्हणणं कोण मानील?

मूग, उडीद, तूर, दादर यांच्या साध्या वाणांचं बी मात्र आजही घरी राखता येतं. ते पेरण्याआधी पारखा. १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठ दिवसांनी उघडा. ७० किंवा जास्त दाणे उगवले तर बी चांगलं. थोडे कमी उगवले तर बी जास्त घालावं. फारच कमी उगवले तर ते पेरू नये.

करून पाहा : बियाण्याची रिकामी पिशवी वर्गात आणा. तिच्यावरचा लॉट नंबर आणि तारीख वाचा. दोन्ही आपल्या वहीत लिहा.