बटणाने दर सांगू नये

डेटाबेसवर चालणाऱ्या मालाच्या यादीला ‘विकत घ्या’ बटण जोडण्याची कृती

भोसरी एमआयडीसीतल्या नटबोल्टच्या दुकानात गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येतं: ‘एम-8 बाय 40, फुल थ्रेड, 8.8, दोनशे नग.’ काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी आत नेतो. मालक दरवहीत दर पाहतो, रॅकवर माल आहे का बघतो आणि मग बिल करतो. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर दर लिहून आणला असला, तरी बिल त्या दराने होत नाही. चिठ्ठीने फक्त वस्तू आणि नग सांगायचे, दर वहीने सांगायचा. वेबसाइटवर बटण जोडताना हाच नियम पाळला, की निम्मं काम झालं.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं. पिंपरी-चिंचवडमध्ये मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने भोसरी, चिखली, तळवड्यात शेकडो लहान वर्कशॉप वाढली. पुढे कारखानदारी पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकली. फोक्सवॅगनचा तिथला प्रकल्प 2009 साली सुरू झाला. या पट्ट्यातल्या अनेक पुरवठादारांकडे आज वेबसाइट आहे, हजारो वस्तूंची यादी डेटाबेसमधून निघते, आणि प्रत्येक वस्तूखाली ‘दरासाठी फोन करा’ असं लिहिलेलं असतं. म्हाळुंग्यातल्या एखाद्या शॉपफ्लोअरवर रात्री दहा वाजता फिक्स्चरचा अॅलन बोल्ट तुटला, तर फोन उचलायला दुकानात कोणी नसतं. बटण त्या सुपरवायझरसाठी जोडायचं आहे.

साहित्य

पीएचपी किंवा तत्सम भाषेत लिहिलेली, मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसवरची चालू यादी. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र. रेझरपेसारख्या एखाद्या पेमेंट गेटवेचं खातं, त्याच्या चाचणीच्या आणि खऱ्या अशा दोन्ही किल्ल्या. जीएसटी नोंदणी. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे रॅकवरचा माल ओळखणारा दुकानातला जुना माणूस. पहिल्या पायरीला तो शेजारी बसलेला हवाच.

कृती

1. ओळी स्वच्छ करा. डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे रॅकवरचा एकच माल. ‘एम-8 हेक्स बोल्ट’ एवढंच लिहिलेली ओळ विकण्याजोगी नाही. डीआयएन 933 म्हणजे फुल थ्रेड, डीआयएन 931 म्हणजे हाफ थ्रेड. व्यास आणि लांबी तीच असली तरी दोन्ही एकमेकांच्या जागी नेहमी चालत नाहीत. 8.8 ग्रेडच्या बोल्टची ताणशक्ती 800 मेगापास्कलच्या घरात, तर 12.9 ची 1200 च्या घरात. म्हणून व्यास, पिच, लांबी, ग्रेड, फिनिश आणि मानक यांना वेगवेगळे रकाने द्या आणि प्रत्येक ओळीला कधीही न बदलणारा भाग क्रमांक द्या. फोनवर बोलताना चूक लगेच सुधारता येते. बटणावर ती थेट पार्सलमध्ये जाते.

2. पैसे पैशांतच ठेवा. दराचा रकाना दशांश अपूर्णांक अचूक ठेवणाऱ्या डेसिमल प्रकारचा असू द्या, किंवा रक्कम थेट पैशांत, पूर्णांकात ठेवा. फ्लोट प्रकार वापरू नका. त्यात 0.1 सारखी साधी संख्याही नेमकी साठवता येत नाही, आणि हजार ओळींच्या बेरजेत पैसे इकडेतिकडे होतात. समजा बोल्टचा दर 7 रुपये 35 पैसे आहे. डेटाबेसमध्ये 735 लिहा. गेटवेही बहुधा रक्कम पैशांतच मागतो.

याच वेळी आणखी चार रकाने वाढवा: हातातला साठा, पॅकिंगचे नग, एचएसएन क्रमांक आणि जीएसटीचा टक्का. स्क्रू, नट, बोल्ट यांचा एचएसएन 7318, बॉल बेअरिंगचा 8482. यादी तयार झाली की सीएकडून एकदा तपासून घ्या.

3. कोणत्या ओळीला कोणतं बटण, हे डेटाबेसला ठरवू द्या. सगळ्या मालाला एकच बटण चालत नाही. ‘विक्रीचा प्रकार’ असा एक रकाना ठेवा आणि त्यातून तीन बटणं काढा. दर ठरलेला आणि माल रॅकवर असेल तर ‘विकत घ्या’. ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचा जॉब असेल तर ‘कोटेशन मागवा’. साठा शून्य असेल तर ‘आल्यावर कळवा’. ड्रॉइंगच्या जॉबला चुकून ‘विकत घ्या’ लागलं, तर पैसे आधी येतील आणि वाद मागून येईल.

4. बटण यादीच्या लूपमध्ये बसवा. तुमची वेबसाइट डेटाबेसमधून एकेक ओळ वाचते आणि पानावर छापते. त्याच लूपच्या आत, वस्तूच्या नावाखाली, एक छोटा फॉर्म छापा. त्यात दोनच गोष्टी जातील: लपलेल्या रकान्यात भाग क्रमांक आणि दिसणाऱ्या रकान्यात नग. दर वस्तूशेजारी जरूर दाखवा, पण फॉर्ममधून पाठवू नका.

फॉर्म पोस्ट पद्धतीने पाठवा. बटणाच्या जागी साधी लिंक ठेवली, तर सर्च इंजिनचे बॉट प्रत्येक लिंक उघडत जातात आणि तुमच्या बास्केट विनाकारण भरत राहतात. पानावर चाळीस वस्तू असतील तर चाळीस वेळा डेटाबेसकडे जाऊ नका, एकाच क्वेरीत सगळ्या ओळी आणा. बटण अंगठ्याला सहज सापडेल एवढं मोठं हवं, कारण शॉपफ्लोअरवर यादी मोबाइलवरच उघडते. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर चाळीस वेळा नुसतं ‘विकत घ्या’ वाचेल, तर त्यातून त्याला काहीच कळणार नाही. बटणाच्या वाचल्या जाणाऱ्या नावात वस्तूचं नावही घाला.

5. दर सर्व्हरवर पुन्हा वाचा. हीच या कृतीची मुख्य पायरी. बटण दाबल्यावर सर्व्हरकडे भाग क्रमांक आणि नग येतात. सर्व्हरने त्या क्रमांकाने डेटाबेसमधून दर, टक्का आणि साठा त्या क्षणी नव्याने वाचायचा आणि हिशेब करायचा.

असं का, ते स्वतः करून बघा. चाचणीच्या पानावर फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात दर ठेवा. ब्राउझरमधलं पानाची तपासणी करणारं साधन उघडा, 735 च्या जागी 1 लिहा आणि बटण दाबा. सर्व्हर ब्राउझरचं ऐकत असेल, तर दोनशे बोल्ट दोन रुपयांत विकले जातील. यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही, कॉलेजातला मुलगाही हे करू शकतो. तपासून झालं की तो रकाना काढून टाका.

नगांचीही तपासणी करा. नग पूर्णांक हवेत, शून्याहून जास्त हवेत आणि पॅकिंगच्या पटीत हवेत. उणे नग आले तर एकूण रक्कम कमी होऊ शकते. आणि बाहेरून आलेला कोणताही मजकूर क्वेरीत जोडून लिहू नका. क्वेरीचा साचा आधी तयार ठेवा आणि मूल्यं त्यात वेगळी भरा. यालाच प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. एवढ्याने एसक्यूएल इंजेक्शनचा मोठा धोका टळतो.

6. कर मोजा आणि फोडून दाखवा. दोनशे बोल्टचे 1,470 रुपये. 18 टक्क्यांनी जीएसटी 264 रुपये 60 पैसे. माल चाकणला जाणार असेल तर त्याचे दोन भाग: सीजीएसटी 132.30 आणि एसजीएसटी 132.30. माल तमिळनाडूतल्या होसूरला जाणार असेल तर पूर्ण 264.60 आयजीएसटी. दोन्हीकडे एकूण 1,734 रुपये 60 पैसेच, म्हणजे गेटवेला 1,73,460 पैसे.

एरवी माल जिथे पोचवायचा ते राज्य पाहतात. बिल एकाच्या नावाने आणि माल दुसऱ्याच्या दारात असेल तर नियम बदलतो. अशी ऑर्डर बटणावर न सोडता माणसाकडे वळवा. गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन घेताना तो 15 अक्षरांचा आहे का तपासा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा क्रमांक 27, त्यापुढची दहा अक्षरं पॅनची.

वाहतूक खर्चही याच पानावर दाखवा. पैसे भरायच्या शेवटच्या क्षणी रक्कम वाढवू नका आणि कोणतीही टिकखूण आधीच भरून ठेवू नका. घरगुती ग्राहकाला विकताना 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार आधीच टिक केलेली संमती चालत नाही. कारखानदारालाही तोच आदर द्या.

7. साठा राखून ठेवा. रॅकवर शेवटचे दोनशे नग आहेत आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर? आधी साठा वाचायचा आणि मग वजा करायचा असं केलं, तर दोघांनाही माल दिसेल. त्याऐवजी वाचणं आणि वजा करणं एकाच आज्ञेत करा: ‘साठा 200 किंवा जास्त असेल तरच त्यातून 200 वजा कर.’ किती ओळी बदलल्या ते डेटाबेस सांगतो. एक बदलली तर माल त्या गिऱ्हाइकाचा, शून्य बदलल्या तर माल संपला.

साठा वजा करणं आणि ऑर्डरची नोंद ही दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंफा. झाली तर दोन्ही, नाही तर एकही नाही. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी टेबल इनोडीबी प्रकारचं हवं. जुन्या वेबसाइटवर अजून मायआयसॅम प्रकारची टेबलं सापडतात. त्यांना ट्रान्झॅक्शन कळत नाही, ती आधी बदलून घ्या. राखलेल्या मालाला पंधरा-वीस मिनिटांची मुदत ठेवा. पैसे आले नाहीत तर माल परत रॅकवर.

8. पैशांचा रस्ता रकमेप्रमाणे द्या. यूपीआयने व्यापाऱ्याला देण्याची सर्वसाधारण मर्यादा एका व्यवहाराला 1 लाख रुपये आहे. त्याहून मोठ्या ऑर्डरला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि बँकेचा तपशील दाखवा. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालतं. आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं आणि किमान 2 लाखांपासून सुरू होतं. अशी ऑर्डर ‘रकमेची वाट’ या अवस्थेत ठेवा आणि तिच्या साठ्याला जास्त मुदत द्या.

कार्डाचे क्रमांक स्वतःच्या डेटाबेसमध्ये कधीही साठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला ते ठेवताच येत नाहीत. कार्डाचा तपशील गिऱ्हाइकाने गेटवेच्या पानावरच भरायचा. गेटवेची गुप्त किल्लीही सर्व्हरवरच राहू द्या, पानाच्या कोडमध्ये ती दिसता कामा नये.

9. पैसे आल्याची खात्री गेटवेकडून करा. ‘धन्यवाद’ हे पान उघडलं म्हणजे पैसे आले, असं समजू नका. त्या पानाचा पत्ता कोणीही थेट टाइप करू शकतं. उलट पैसे भरले आणि चाकणच्या वाहतूक कोंडीत नेटवर्क गेलं, तर ते पान कधी उघडणारच नाही. गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यासोबत आलेली सही गुप्त किल्लीने ताडून पाहा. रक्कम ऑर्डरच्या रकमेशी पैशापर्यंत जुळते का बघा. मगच ऑर्डरवर ‘पैसे मिळाले’ असा शिक्का मारा.

एकच निरोप दोनदाही येतो. म्हणून पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर ‘एकमेव’ अशी अट घाला, म्हणजे दुसऱ्या निरोपाने दुसरं पार्सल निघणार नाही. राखणीची मुदत संपल्यावर पैसे आले आणि माल उरला नसेल, तर त्याच दिवशी परतावा करा आणि गिऱ्हाइकाला फोन करून सांगा.

10. माल कधी मिळेल ते खरं सांगा. आपल्या पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर बँका आणि कुरिअर रविवारी बंद. सुट्ट्यांचं वेगळं टेबल करा आणि पोचण्याची तारीख त्यातून काढा. बुधवारी रात्री ऑर्डर देणाऱ्याला ‘उद्या मिळेल’ असं दिसलं, तर त्याचं मशीन त्या शब्दावर थांबून राहील. परराज्यात 50,000 रुपयांहून जास्त किमतीचा माल जाणार असेल तर ई-वे बिलाची आठवण पॅकिंग करणाऱ्याच्या यादीवर छापून येऊ द्या.

11. चाचणीच्या किल्लीवर सगळं मोडून बघा. बटण दोनदा पटापट दाबा. पैसे भरताना मध्येच नेट बंद करा. शून्य, उणे आणि दीड नग टाका. एकच शेवटचा माल दोन मोबाइलवरून एकाच वेळी मागा. पान उघडं ठेवून डेटाबेसमधला दर बदला आणि मग बटण दाबा: नवा दर लागला पाहिजे, आणि तो बदलल्याचं गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी स्पष्ट दिसलं पाहिजे.

सुरुवात कशी करावी

हजार ओळींना एकाच दिवशी बटण लावू नका. सर्वांत जास्त खपणाऱ्या वीस ओळी निवडा. त्यांचा साठा हाताने मोजा, मोजलेला आकडा डेटाबेसमध्ये घाला आणि फक्त त्यांनाच ‘विकत घ्या’ द्या. काउंटरवर विकलेला मालही त्याच डेटाबेसमधून वजा झाला पाहिजे, नाहीतर रॅक एक सांगेल आणि पान दुसरं.

पुढचे काही आठवडे रोज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी तीन आकडे शेजारी मांडा: ऑर्डरच्या टेबलातली रक्कम, गेटवेच्या अहवालातली रक्कम, आणि शुल्क वजा जाऊन बँकेत जमा झालेली रक्कम. बँकेचा आकडा एक-दोन दिवस मागे असतो, तेवढं धरून चाला. त्यासोबत वीसपैकी कोणत्याही दोन वस्तू रॅकवर जाऊन मोजा. फरक निघाला तर पुढे जाऊ नका, तो कुठून आला ते शोधा. शुल्क धरून तिन्ही आकडे पैशापर्यंत आणि रॅक नगापर्यंत सलग जुळू लागला, की पुढच्या वीस ओळींना बटण लावा.