‘गरम होतंय का?’ एवढंच विचारू नका

स्तर ३ : वाचन आणि संवाद

जून २०२१ च्या शेवटी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कधी नव्हे इतका उकाडा झाला. लिटन नावाच्या गावात २९ जूनला तापमान ४९.६ अंश सेल्सिअसवर गेलं. नागपूर-चंद्रपूरच्या माणसालाही हा आकडा ऐकून घाम फुटेल! त्या आठवड्यात प्रांतात उष्णतेमुळे ६१९ माणसं दगावली.

ती उन्हात काम करत असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. शंभरातल्या ९८ जणांना उष्णता बाधली ती घरात. बहुतेक लोक म्हातारे होते, आणि निम्म्याहून जास्त एकटे राहत होते.

वय वाढलं की घाम कमी येतो, तहानही कमी लागते. म्हणजे शरीराला पाणी हवं असतं, पण तसं जाणवत नाही. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी कमी होतं. म्हणून आजी ‘मी बरी आहे’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं वाटत असतं.

आता हा फोन वाचा.

नात : आजी, गरम होतंय का गं?
आजी : नाही गं, बरं वाटतंय. पंखा चालू आहे ना!
नात : खोलीतला थर्मामीटर काय दाखवतोय?
आजी : थांब हं, चष्मा लावते... बत्तीस.
नात : बत्तीस! आणि सकाळपासून पाणी किती प्यायलीस?
आजी : चहा घेतला की दोनदा.
नात : लघवीला शेवटचं कधी गेली होतीस?
आजी : अगं बाई, हे काय विचारणं! सकाळी उठल्यावर गेले होते.
नात : मग आत्ता भांडंभर पाणी पी, मी फोनवरच थांबते. आई तुला न्यायला निघतेय. आज आमच्याकडेच झोपायचं.

पहिल्या उत्तरावर नातीने फोन ठेवला असता तर काहीच कळलं नसतं. खोली ३१ अंशांच्या वर बराच वेळ राहिली तर म्हाताऱ्या माणसांना धोका असतो, आणि तेव्हा नुसता पंखा पुरत नाही. दिवसभर तापलेलं घर संध्याकाळी जास्त गरम असतं, म्हणून दुसरा फोन रात्री करायचा. (खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आजी सांगेल. ठेवू द्या, पण पाणी प्यायला लावा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ताक-पन्ह्यातल्या मिठाचंही तेच.)

काही अपंग व्यक्तींना हा धोका तरुणपणीही असतो. मणक्याला मोठी इजा झाली असेल तर इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही शरीर थंड व्हायला अडचण येते. कॅनडातल्या त्या मृतांमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांच्याकडे फोन पुरत नाही. जाऊन बघावं लागतं.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ लावा. मदत येईपर्यंत थंड जागी न्या, अंग ओलं करून वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शब्द
दगावणे – मरण पावणे
बाधणे – त्रास होणे
असंबद्ध – अर्थ न लागणारं
उष्माघात – उष्णतेमुळे होणारा जीवघेणा आजार

करून बघा
१. आजीच्या पहिल्या उत्तरावरून नातीला काय कळलं नाही?
२. संवादातला ‘आजी’ बदलून ‘शेजारचे काका’ करा. ‘प्यायलीस’चं ‘प्यायलात’ होईल. बाकीची वाक्यं तुम्ही बदला. लघवीचा प्रश्न काकांना कसा विचाराल?
३. या आठवड्यात एका वडीलधाऱ्या माणसाला मराठीतून फोन करा आणि त्यांच्या खोलीचं तापमान वहीत लिहा.