आधी बघा, मग खा, घ्या शेवटी

भिवंडीच्या कामतघरातून सहकुटुंब मुंबईला जायचं ठरलं की यादी आपोआप तयार होते. मंगलदास मार्केटातलं ड्रेस मटेरियल, क्रॉफर्ड मार्केटातला सुका मेवा आणि मुलांच्या वस्तू, कुठेतरी वडापाव, कुठेतरी पावभाजी, आणि ज्याच्या हातात बरा कॅमेरा किंवा नवा मोबाइल आहे त्याला हवे असलेले रस्त्यावरचे फोटो. निघताना सगळे खुशीत असतात आणि रात्री अंजूरफाट्याला उतरताना कोणी कोणाशी धड बोलत नसतं. मग गर्दीला नावं ठेवली जातात, उन्हाला आणि लोकलला ठेवली जातात. मला हे पटत नाही. गर्दी, ऊन आणि लोकल मुंबईला रोजचीच आहेत, ती धरूनच घराबाहेर पडायचं असतं. सहल बिघडते ती क्रम चुकल्यामुळे. खरेदी, खाणं आणि फोटो या तीन कामांच्या वेळा वेगळ्या आणि चालही वेगळी. खरेदीला एका जागी ठाण मांडून बसावं लागतं, फोटोला रेंगाळावं लागतं आणि भूक कोणासाठी थांबत नाही. तिन्ही एकाच वेळी करायला गेलं की चौघांचं कुटुंब चार दिशांना ओढलं जातं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की आधी बघा, मग खा आणि घ्यायचं ते सगळं शेवटी घ्या.

खरेदी शेवटी का, याचं पहिलं कारण वजन. सकाळी साडेदहाला घेतलेलं पाच ड्रेसांचं कापड संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी हातात राहतं, आणि ते बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतं. फोटो काढणारा मोकळा हवा, मुलांना धावायला मोकळं हवं, आजोबांना गुडघ्यांमुळे उचलता येत नाही. उरते आई. मग हुतात्मा चौकात सगळे फोटो काढत असताना ती पिशव्या राखत बसते, खाऊगल्लीत एका हाताने खाते, आणि घरी आल्यावर कळतं की तीनशे फोटोंत ती चार ठिकाणी आहे, तीही पिशव्यांसकट. हे कोणी मुद्दाम करत नाही, क्रमामुळे होतं. क्रम बदलला की ते आपसूक थांबतं, म्हणूनच मी स्वभावावर बोट न ठेवता वेळापत्रकावर ठेवते आहे.

दुसरं कारण उजेडाचं. मंगलदासच्या गल्ल्या छपराखाली आहेत, तिथे दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला सारखेच दिवे असतात, म्हणून खरेदीला ऊन-सावलीचं काही पडलेलं नाही. रस्त्यावरच्या फोटोला मात्र सगळं त्याचंच पडलेलं असतं. दुपारी बारा ते तीन मुंबईचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात आणि इमारतींचं कोरीवकाम सपाट दिसतं. ओव्हल मैदानाचं उदाहरण घ्या. पूर्वेच्या बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेच्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, रंगीत पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सकाळी सूर्य राजाबाई टॉवरच्या मागे असतो, त्यामुळे टॉवर काळा दिसतो आणि समोरच्या आर्ट डेको गॅलऱ्या उजळतात. संध्याकाळी नेमकं उलट. सीएसएमटीचा दर्शनी भागही पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी घाईघाईत काढलेला त्याचा फोटो फिका येतो आणि लोक मोबाइलला दोष देतात. एवढं आधी माहीत असलं की सकाळी ओव्हल आणि परतताना सीएसएमटी हा मार्ग नकाशा न उघडता ठरतो.

यासाठी लवकर निघायला हवं, आणि इथे पहिला आक्षेप येतो: सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठायचं का? पर्याय काय आहे ते बघा. कामतघरातून ठाण्याला पोचायलाच रस्त्याचा भरवसा नाही. काल्हेर-कशेळीच्या पट्ट्यात गोदामांचे ट्रक लागले की अर्ध्या तासाचा दीड तास होतो. आठनंतर ठाण्याच्या फलाटावर म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना घेऊन उभं राहणं म्हणजे सहलीची सुरुवातच धक्क्यांनी करणं. ठाणं ते मुंबई हा चौतीस किलोमीटरचा रस्ता, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर धावली. सहाच्या सुमारास ठाणं सोडलं तर तो बसून पार करता येतो आणि सातच्या मागेपुढे तुम्ही फोर्टात असता, गर्दी यायच्या आधी. पहाटेची झोप दुपारी गाडीत भरून निघते, पण धक्के खाऊन गेलेला मूड दिवसभर परत येत नाही.

वारही नीट निवडावा. बहुतेक घरं रविवारच धरतात, आणि तिथेच फसतात. रविवारी मंगलदास आणि मूळजी जेठा ही कापडाची दोन्ही मोठी मार्केटं बंद असतात, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतोच. नुसते फोटो काढायचे असतील तर रविवारसारखा वार नाही, कारण फोर्ट ओस असतो आणि ओव्हलवर क्रिकेटचे एकात एक घुसलेले दहा डाव चालू असतात. पण खरेदीही करायची असेल तर शनिवार धरा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, न्यायालयही शनिवारी बसत नाही, बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे रस्ते बऱ्यापैकी मोकळे आणि बाजार पूर्ण उघडा. ज्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते त्यांच्यापुढे पेच आहे. त्या दिवशी ऑफिसांची गर्दी असते, आणि दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीच्या आसपासची बरीच दुकानं थोडा वेळ थांबतात. त्यांनी बाजारात तीननंतरच शिरावं.

खाण्याबद्दल लोक फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. दोन्ही चूक. रस्त्यावरचं खाणं वाईट असतं असं मी म्हणणार नाही. गिरण्यांच्या आणि स्टेशनांच्या शहरात उभ्या उभ्या, कमी पैशात, पोटभर खाता यावं म्हणूनच ते जन्माला आलं. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी वडापावची गाडी लावली असं मानलं जातं, आणि आज तो अख्ख्या महाराष्ट्राचा नाश्ता आहे. वडा तुमच्यासमोर उकळत्या तेलातून निघाला, पावात लसणीची सुकी चटणी पडली, की त्यात बिघडण्यासारखं फारसं उरत नाही. धोका कच्च्या पाण्यात आहे. सँडविचवाल्याकडचा बटाटा आणि बीट उकडलेले असतात, पण हिरवी चटणी पाण्याने सारखी केलेली असते आणि काकडी कापून कधीपासून पडली आहे ते कळत नाही. सकाळी नऊला ती ताजी असते, दुपारी तीनला त्याच चटणीत उन्हाचे सहा तास मुरलेले असतात. म्हणून गाडीवरचं खाणं सकाळी उरकावं आणि दुपारी जिथे ताट गरम येतं तिथे बसावं. बर्फाचंही तसंच. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालण्याचा नियम अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आणला तो याच भीतीपोटी. तरीही गाडीवरच्या सरबतातला बर्फ कुठून आला हे विचारायला कोणी जात नाही, तेव्हा तो मुलांना न दिलेलाच बरा. नाश्त्याला सगळ्यांनी बसून काही हवं असेल तर धोबीतलावच्या कयानीत बनमस्का आणि चहा घ्या. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे, आणि तिथल्या लाकडी खुर्च्यांवर आजी-आजोबांचे पायही सुटतात.

आता फोटो. याबद्दल थोडं कडक बोलायला हवं. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढणं हा सहसा गुन्हा ठरत नाही (न्यायालयाचं आवार आणि नौदलाच्या गोदीचा परिसर मात्र टाळावा), पण गुन्हा नाही म्हणून सगळंच चालतं असं होत नाही. भिवंडीच्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज पडू नये. आपल्या यंत्रमागांचे फोटो काढायला बाहेरून कितीतरी जण येतात. अंधारी शेड, हवेत उडणारा कापसाचा तूस, बनियनवर उभा कामगार. चित्र सुंदर येतं, आणि त्या कामगाराला कोणी त्याचं नावही विचारत नाही. हेच आपण भायखळ्याच्या हमालाशी किंवा फुटपाथवरच्या भाजीवालीशी केलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? त्यात परवान्याचा प्रश्न वेगळाच. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, तरी पालिकेची गाडी आली की पथारी गुंडाळून पळावं लागतं हे रोजचं दृश्य आहे. अशा बाईचा चेहरा, जागा आणि वेळ टाकून केलेली पोस्ट तिच्या पोटावर येऊ शकते. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं केली, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यांच्या कामाचं बळ कामगारांमध्ये वारंवार जाण्यात, त्यांच्याबरोबर राहण्यात आहे. एका दिवसाच्या सहलीत तेवढं कोणाला जमणार? पण आधी चार पेरू विकत घेऊन, दोन शब्द बोलून, ‘ताई, फोटो काढू का?’ एवढं विचारणं जमतं.

यावर फोटोचा नाद असलेले म्हणतात की विचारलं की माणूस ताठ उभा राहतो, सहजपणा जातो. खरं आहे, पहिल्या फोटोत जातो. पण विचारून झाल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबलात की गिऱ्हाईक येतं, तराजू उचलला जातो, आणि ती तुम्हाला विसरते. ती पाच मिनिटं मिळायची तर मागे बायको पिशव्या घेऊन खोळंबलेली नको. पुन्हा क्रमाचाच प्रश्न येतो. आणि लोकांचे फोटो घ्यायची सवय मुंबईतच सुरू करायला हवी असं नाही. वऱ्हाळदेवी तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणारे, पद्मानगरच्या बाजारात भाव करणाऱ्या तेलुगू आज्या, हे सगळं पायी अंतरावर आहे. तिथे विचारायची भीड मोडली की मुंबईत हात कापत नाही. हुतात्मा चौकात मात्र दोन मिनिटं कॅमेरा खिशात ठेवा आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला तो का, ते मुलांना सांगा. फोटोपेक्षा ते जास्त दिवस टिकेल.

मग दुपारी तीन-साडेतीनला, जेवून, बाजार. इथे कामतघरच्या माणसाकडे जी नजर आहे ती दादर-पार्ल्याच्या माणसाकडे नाही, आणि ती वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचं विणकाम मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांवर आलं. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. ते ब्लिच, रंगाई, छपाई होऊन, घडी पडून, लेबल लागून बाजारात येतं. मंगलदासमध्ये तुमच्यापुढे ऐटीत उलगडला जाणारा तागा आपल्याच गल्लीत विणलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. तेव्हा लेबल बाजूला ठेवा आणि कापड बघा. एक पदर उजेडासमोर धरा, ताणा आणि बाणा सारखे दाट आहेत की मध्येच विरळ पट्टे आहेत ते दिसेल. दोन बोटांत चुरगाळून घासा, पांढरी पूड पडली तर ती कांजी आहे आणि पहिल्या धुण्यात कापडाचा अर्धा जीव जाणार. ओल्या रुमालाने कोपरा पुसा, रंग रुमालावर आला तर पुढच्या दुकानात जा. पन्हा विचारल्याशिवाय मीटरचा भाव ऐकू नका. छत्तीस इंची आणि अठ्ठावन्न इंची कापडाच्या भावाची तुलना करणंच चूक. शुद्ध सुती म्हणून देत असेल तर एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. पुढच्या वेळी कोणत्या दुकानात जायचं ते त्यावरून ठरतं.

क्रॉफर्ड मार्केटात वेगळी काळजी. १८६९ ची ती इमारत, तिच्या दारावरची लॉकवुड किपलिंगची शिल्पं, हे सगळं मान वर करून बघण्यासारखं आहे, म्हणून तिथे दहा मिनिटं आधी पोचा. आत परदेशी चॉकलेट आणि सौंदर्यप्रसाधनं स्वस्तात दिसली की हात सैल सुटतो. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत आणि तारीख छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसतं परदेशी भाषेतलं पाकीट असेल तर ते किती जुनं आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. स्वस्त आहे म्हणून मुलांच्या पोटात ते घालू नये.

सकाळच्या बोहनीला भाव चांगला मिळतो, मग संध्याकाळी का जायचं, असंही विचारतात. बोहनीला दुकानदार पहिलं गिऱ्हाईक सोडत नाही हे खरं, पण त्या घाईत चार दुकानं न फिरता पहिल्याच दुकानात घेतलं जातं. संध्याकाळी तुमच्याकडे दोन-अडीच तासांचीच मर्यादा असते, यादी हातात असते, आणि ‘बघू या, नाही तर परत येऊ’ म्हणायची सोयच नसते, त्यामुळे भलतंसलतं कमी घेतलं जातं. लग्नाचा बस्ता असेल तर मात्र हा सगळा बेतच विसरा. त्यासाठी मोठी माणसं वेगळ्या दिवशी जाऊ देत आणि मुलांना घरी ठेवू देत. बस्ता आणि सहल एकत्र बांधली की दोन्ही वाया जातात.

आणि बाजारातून निघताना मस्जिद स्टेशन हाकेच्या अंतरावर दिसतं म्हणून तिथे चढू नका. पिशव्या घेऊन सीएसएमटीपर्यंत चाला, नाही तर टॅक्सी करा. सूर्य मावळतीला असेल तर सकाळी राहिलेला दर्शनी भागाचा फोटो तिथे मिळेल, आणि या वेळी पिशव्या फोटो काढणाऱ्याच्या हातात देऊन मोबाइल आईकडे द्या. सीएसएमटीहून सुटणारी धिमी गाडी रिकामी लागते. थोडा वेळ जास्त लागला तरी म्हाताऱ्यांना बसायला मिळतं, पिशव्या फळीवर जातात आणि ठाण्याला उतरताना माणसं मोजायला उसंत मिळते.